उलटा चालणारा नट

डॅडी गेल्यावर मी मम्मीला वसईहून कॅनडात, एटोबिकोला आणलं. आल्या आल्या तिनं त्यांचा फोटो हॉलमध्ये लावला. हॉस्पिटलची खाट, नाकात नळी. जुना अल्बमही बॅगेत होता, पण तो उघडायला ती तयार नव्हती. कुठलाही विषय काढा, गाडी ऑक्सिजनवरच यायची. मी वैतागायचे. मग स्वतःचाच राग यायचा, कारण मलाही आता तेवढेच डॅडी आठवू लागले होते.

आमच्या कॉन्डोच्या इमारतीत एक म्हाताऱ्या जपानी बाई राहतात. शनिवारी दुपारी खाली पार्टी रूममध्ये त्या जुने जपानी सिनेमे दाखवतात. त्या हिवाळ्यात त्यांनी एकाच नटाची अख्खी कारकीर्द दाखवायला घेतली. मी मम्मीला जवळजवळ ओढतच खाली नेलं.

पहिल्याच सिनेमात तो खोकणारा आजोबा होता आणि शेवटी मेला. मम्मी रडली. झालं कल्याण, मी मनात म्हटलं. पण पुढच्या शनिवारी कार्डिगन घालून तीच आधी लिफ्टपाशी उभी. या वेळी तो पन्नाशीचा, तलवार घेऊन भिंतीवरून उड्या मारणारा. नंतर चाळिशीचा, कर्जबाजारी दुकानदार. नंतर तिशीतला, जरा आगाऊच.

मला काही राहवेना. "सुरुवातीपासून का नाही दाखवत?" मी बाईंना विचारलं.

"सरळ दाखवलं की शेवटी मरतो," चहा ओतत त्या म्हणाल्या. "लोक तेवढंच घेऊन घरी जातात."

मी हे मम्मीला मराठीत सांगितलं. तिनं चहात साखर नाही म्हणून कुरकुर केली.

शेवटच्या शनिवारी मूकपट होता. नट तेव्हा नुकताच रंगभूमीवरून आलेला. तिथे बायकांची कामं पुरुषच करत, त्यामुळे सिनेमातही त्याला नवरीच केलेलं. बाई पडद्याशेजारी उभ्या राहून सगळ्यांचे आवाज काढत होत्या. नवरी लाजत लाजत खाली बसली आणि माझ्या शेजारी मम्मीचे खांदे हलू लागले. मी घाबरून पर्समध्ये टिश्यू शोधू लागले. पाहते तर मम्मी हसत होती.

"तुझे डॅडी साडीत याच्यापेक्षा चांगले दिसायचे," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं अल्बम काढला. एका फोटोत गावच्या सणाचं नाटक, नायिकेच्या कामाला मुलगी मिळेना, म्हणून डॅडीच साडी नेसून उभे राहिलेले. मम्मीनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं भिंतीवरचा फोटो उतरवला आणि त्या जागी हा नाटकातला लावायला सांगितला. मी खिळा न बदलता लावला, म्हणून थोडा तिरकाच बसला.

डॅडींच्या वर्षाच्या प्रार्थनेला आमचे मराठी फादर आले. फोटोपाशी थांबून त्यांनी विचारलं, "आंटी, ही कोण? तुमची सिस्टर?"

"माझा नवरा," मम्मी म्हणाली. "आणि ती साडी माझ्या आईची."

मग फादरना ते नाटक पहिल्या प्रवेशापासून ऐकावं लागलं. त्यांचा चहा गार झाला, पण मम्मीच्या तोंडी हॉस्पिटल काही आलं नाही.