रुखवतातला ससा आणि जयगडचा विंचू

गणपती नुकतेच गेले होते. रिकामं मखर अजून हॉलमध्येच होतं आणि त्याच्या शेजारी लॅपटॉप मांडून माझी नात तोंड पाडून बसली होती. डॉक्टर झालेली मुलगी. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या इस्पितळात काम करत पुढचं शिकायला, अर्ज भरत होती. गेल्या वर्षीही भरला होता. मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. यंदा नाही जमलं तर नाद सोडायचा, असं तिचं तिनेच ठरवलेलं. तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नव्हतं.

"आज्ये, जरा वाच ना. चुका काढू नकोस, फक्त वाच."

हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे सांगायचं! चष्मा लावला आणि वाचता वाचता धाप लागली. रक्तदान शिबिर, स्नेहसंमेलनाचं निवेदन, परिषदेतलं पोस्टर, योगासनं, बॅडमिंटन, एकाला चिकटून एक. श्वास घ्यायला कुठे जागा गावेना.

"ही यादी आहे की खिमट गो?"

"अगं, आधी छान काळे टिपके देऊन केली होती. या फॉर्ममध्ये चिकटवली आणि टिपके गेले, ओळीही गेल्या. पण मजकूर सगळा आहे ना!"

सगळं आहे ना! हे मी पूर्वी ऐकलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडून. माझ्या लग्नात, रुखवताच्या टेबलापाशी.

तेव्हाची मी म्हणजे अक्कल चिमूटभर आणि हौस खंडीभर. नवरीने हाताने केलेल्या वस्तू मांडायच्या आणि वरपक्षाने त्या वाखाणायच्या, एवढाच तो प्रकार. या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, शिंपल्यांचा मोर मांडला, काजूबियांचा गणपती मांडला, करवंटीचं माकड, कापसाचा हंस, लोकरीचा ससा. टेबलावर सुई टेकायला जागा ठेवली नाही. आणि मागची रांग उंच दिसावी म्हणून चादरीखाली काय सारलं? गोधडी! आईच्या जुन्या लुगड्यांची, वर्षभर टाके घालून शिवलेली, माझी दाखवण्यासारखी एकुलती एक वस्तू. तिच्यावर ससा बसला होता.

सासरच्या एक आत्याबाई टेबलाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "आहे हो भरपूर. पण मुलीला नक्की येतं काय?"

मला ते कौतुकच वाटलं. "सगळंच येतं," मी ठसक्यात सांगितलं.

हे सगळं ऐकून नात खो खो हसली. मी म्हटलं, "हसू नको. तुझी गोधडी कुठाय ते दाखव."

तिने बोट ठेवलं ते बॅडमिंटनच्याही खाली. जयगडच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात काढलेलं वर्ष. "लावणीच्या दिवसांत विंचू चावलेले रोगी यायचे. मंत्र घालण्यात वेळ जायचा. मग केंद्राच्या आशाताईंबरोबर वाडीवाडीत फिरले, तडक केंद्रात आणा म्हणून सांगितलं. नंतर वेळेवर यायला लागले गं लोक."

"आणि बॅडमिंटनमध्ये काय मिळवलंस?"

"पहिल्याच फेरीत हरले."

"मग उठव त्या सशाला!"

दुपारभर मांडामांड चालली. टिपक्याच्या जागी साधी आडवी रेघ, कारण ती चिकटवल्यावर पळून जात नाही. एका ओळीत एकच काम. ओळीच्या सुरुवातीला काय केलं ते: उपचार केले, शिकवलं, नोंदी ठेवल्या. विंचू सगळ्यात वर. योगासनांवरून जुंपली.

"राहू दे ना, तिकडे आवडतं त्यांना."

"तू करतेस?"

"नाही."

"आणि शीर्षासन करून दाखवा म्हणाले तर?"

खोडली. 'आजीची सेवा' ही ओळ मी सुचवली, पण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणाली. मनात असतं तर बसली असती.

बोलावणी आली. फार नाही, पण आली. पहिल्या मुलाखतीला ती दार लावून लॅपटॉपसमोर बसली, वर कोट आणि खाली घरातला पायजमा. मी दाराला कान लावून. पहिलाच प्रश्न विंचवाचा. मग पोरगी अशी बोलत सुटली, की समोरच्याला मध्ये 'हं' म्हणायलाही फट मिळेना.

मार्चमध्ये कळलं, जागा मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या बॅगेत आंबापोळी, फणसपोळी, कोकम, मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगे भरत सुटले. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आहे हो भरपूर," अगदी आत्याबाईंच्या सुरात म्हणाली, "पण नक्की न्यायचं काय?"

"सगळंच!"

तिने एकेक पुडा बाहेर काढला. कपाटातली माझी गोधडी आणून सगळ्यात वर ठेवली आणि चेन ओढली.

ती हीच नेणार हे ओळखून कुळथाच्या पिठाचा दुसरा पुडा मी त्या गोधडीच्या घडीत सकाळीच घालून ठेवला होता.