कोनाचा आहे बावा हा?

माईक हातात आला की भाऊ आधी त्याच्या तोंडाला आपल्या पांढऱ्या दुपट्ट्याचं टोक गुंडाळत, मग दोनदा टकटक करत आणि मगच बोलत. "थुका उडते मॅडम," ते मला समजावून सांगत, "अन् माया थुका गावानं कायले आयकावा?" थुका ऐकू येत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून काही उपयोग नव्हता.

मांडव, सतरंज्या, खुर्च्या आणि भोंगे भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आमच्या वर्ध्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. भाऊंचं तसं केंद्र होतं. लग्न असो, तेरवी असो, की आमच्या कॉलेजचे फुटबॉलचे सामने असोत, भोंगे भाऊंचेच. आणि माईक ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत, त्यामुळे सामन्याचं सगळं बोलणंही आपोआप त्यांच्याकडेच आलं. त्यांना फुटबॉलमधलं काय कळत होतं? काडीचंही नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते रेफरीनं कितीदा तरी समजावलं, शेवटी रेफरीच थकला. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. गोल कोणी केला ते लिहायला मला भाऊंच्या शेजारी टेबलाशी बसवत, कारण त्या उन्हात बसायला दुसरं कोणी तयार नसे.

पण भाऊंचं एक वाक्य होतं. त्या वाक्यासाठी लोक देवळीहून, सेलूहून यायचे असं म्हटलं तर प्राचार्यांना राग येईल, पण खरं ते खरं. मैदानात एखादा पोरगा पडला, शिटी वाजली, खेळ थांबला, की भोंग्यातून आवाज यायचा, "कोनाचा आहे बावा हा?"

आणि मैदानाच्या पायऱ्यांवरून उत्तरं यायची. "देवळीचा!" "पोस्टातल्या काकूचा!" "आमच्या वावराच्या शेजारचा!" भाऊ जरा थांबत, लोकांना पुरेसं ताटकळत ठेवत, आणि म्हणत, "म्हंजे आपलाच निंगला! उठवा रे त्याले." मग टाळ्या. पोरगा समोरच्या टीमचा असला तरी टाळ्या. फारच लांबचा असला तर कोणीतरी ओरडायचं, "मायी साळी देल्ली आहे त्या गावात!" की झालं, मेहुणीच्या नात्यानं तोही आपलाच निघायचा.

एकदा मैदानात कुत्रं शिरलं. भाऊंनी विचारलं, "कोनाचा आहे बावा हा?" पायऱ्या एका सुरात ओरडल्या, "प्रिन्सिपलचा!" प्राचार्य तावातावानं उठले, पुढं येऊन बघतात तर कुत्रं खरंच त्यांच्याच घरचं. आणखी एकदा उद्घाटनाला आलेले पुढारी भाऊंच्याच सतरंजीत पाय अडकून पडता पडता वाचले. भाऊंच्या तोंडून सवयीनं गेलंच. पायऱ्यांवरून एकाच वेळी दोन पक्षांची नावं आली, कारण गृहस्थांनी नुकताच पक्ष बदलला होता. लोक हसून हसून बेजार झाले. पुढारीही हसले. तेव्हा हसत असत.

"ही सवय कुठली हो भाऊ?" मी एकदा विचारलं.

"गिरडची," ते म्हणाले. तरुणपणी ते गिरडच्या जत्रेत, दर्ग्याच्या डोंगराखाली भोंगा लावून बसत. हरवलेलं लेकरू टेबलावर उभं करायचं आणि माईकवर विचारायचं, कोनाचा आहे बावा हा. "मंग माय पयत ये मॅडम. चप्पल कुठं, पदर कुठं, कायचीच शुद नाई. लेकराले आधी एक रपाटा दे, मंग पोटाशी धरे."

त्याच जत्रेत लहानपणी मी हरवले होते. आईचा हात सुटला आणि मला नुसते पाय दिसायला लागले, सगळीकडे पाय. मी ओरडत होते आणि ते कोणालाच ऐकू जात नव्हतं. तेव्हापासून मला गर्दीचं भेव आहे. भीती वेगळी. भेव पोटात बसतं आणि तिथंच राहतं. भाऊंना हे सांगितलं तर त्यांना केवढा आनंद!

"मंग तुमाले मीच पुकारलं असन!"

"तो आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता भाऊ."

"मंग माया बाप असन. पन काम आमच्याच घरचं."

भाऊंना स्वतःला मूलबाळ नव्हतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे. तेवढी रीत लोक पाळत.

आता पायऱ्या कधी बदलल्या म्हणाल, तर तसा एक दिवस सांगता येत नाही. तुम्हीही आपापल्या गावात पाहिलं असेलच. आधी एकाच रंगाचे शर्ट घातलेली टोळकी येऊन बसायला लागली. मग त्यांच्या बसायच्या जागा ठरल्या, ही ह्यांची बाजू, ती त्यांची. पोरगा पडला की लोक उठून बघायच्या ऐवजी मोबाईल वर धरायला लागले. भाऊ विचारत, "कोनाचा आहे बावा हा?" आणि उत्तर येईना. आलं तर एकट्यादुकट्या म्हाताऱ्याचं.

आणि मग एकदा मागून कोणीतरी उत्तर दिलं. गावाचं नाव नव्हे, बापाचं नव्हे. जातीचं. एकच शब्द. त्यावर काही जण हसले.

भाऊंनी माईक बंद केला. "तुमाले आयकू आलं का मॅडम?"

"आलं."

"मले वाटलं, मायाच कान खराब झाला." पडलेला पोरगा आपला आपण उठला, गुडघ्यांची माती झटकत कोणाकडेही न बघता पळाला.

त्या दिवसापासून भाऊंनी ते वाक्य सोडलं. पण जीभ कुठली ऐकते! पोरगा पडला की त्यांचे ओठ हलायचे. म्हणून सामना सुरू झाला की ते गालात सुपारीचं मोठं खांड धरून बसायला लागले. "तोंडाले कुलूप लावलं," म्हणायचे. मी हसायचे, पण मला त्यांची दया यायची.

ती फायनल फाल्गुनातली, ऊन तापायला लागलेलं. आदल्या दिवशी बाजारात दोन गटांची कशावरून तरी जुंपली होती आणि त्याचा व्हिडिओ सकाळपासून घरोघर फिरत होता. सामना पुढं ढकलावा असं प्राचार्यांच्या मनात होतं, पण पाहुणे येऊन बसले होते. समोरची टीम दुसऱ्या जिल्ह्यातली. फाटकावर पोलीस होते, त्यातले एक उसाच्या रसाच्या गाडीशी. पायऱ्या गच्च भरलेल्या, पण गलका नाही. माणसं मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत होती, मध्येच एकमेकांच्या कानाला लागत होती. टेबलापासून फाटक किती लांब आहे ते मी पुन्हापुन्हा बघत होते.

"भाऊ, काहीतरी बोला हो. हसवा ह्यांना."

"काय बोलू मॅडम?" त्यांनी गालातली सुपारी दाखवली. "मलेच आज भेव वाटून राह्यलं."

आमचा गोलकीपर चेंडूवर झेपावला आणि समोरून जिवाच्या आकांतानं धावत आलेल्या पोराला थांबता आलं नाही. गुडघा डोक्याला लागला. आमचा पोरगा पडला तो हललाच नाही. मग कोणीतरी ओरडलं, "मारला रे!"

आणि पायऱ्या खाली आल्या. दुसरं काय सांगू? कठडा वाकला आणि माणसं मैदानात उतरली. समोरची टीम आपल्या बसकडे पळाली. ज्याचा गुडघा लागला तो पोरगा मात्र घाबरून दिशा चुकला आणि सरळ, फायनलसाठी आमच्या टेबलावर घातलेल्या मांडवात शिरला. मांडवाचा बांबू त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि गर्दी त्याच्यासमोर येऊन ठाकली.

"कोनाचा आहे बे तू? नाव सांग! पुरं नाव सांग!"

पोराचं तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. मी टेबलाखाली होते. मला तिथून पाय दिसत होते, नुसते पाय.

भाऊंनी सुपारी थुंकली आणि माईक उचलला. दुपट्टा गुंडाळायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. शांत राहा, असं त्यांना म्हणायचं होतं. नंतर मला त्यांनी शपथेवर सांगितलं. पण इतकी वर्षं त्या जिभेला एकच वाट माहीत. अख्ख्या मैदानावर भोंगे घुमले, "कोनाचा आहे बावा हा?"

अरे देवा! मी डोळेच मिटले.

"हेच तं विचारून राह्यलो भाऊ!" समोरून कोणीतरी ओरडलं, आणि हसण्याची एक लाट उठली. ते हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पाय पुढं सरकले. भोंग्यातून नुसता भाऊंचा श्वास ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा.

मग आवाज आला. "माया आहे."

पाय थबकले.

"माया आहे हा. मायं पोट्टं आहे."

"कायले खोटं बोलता भाऊ?" पुढच्यातला एक जण म्हणाला. "तुमाले कुठं लेकरू आहे?"

जे इतकी वर्षं त्यांच्यासमोर कोणी बोललं नव्हतं, ते असं भर मैदानात बोललं गेलं. बोलणाऱ्यालाही ते कळलं असावं, कारण त्याचे पाय मागं सरकले.

"नाई," भाऊ म्हणाले. आवाज फाटला होता. "नाई आहे मले लेकरू. म्हनून तं सांगून राह्यलो, हा माया आहे."

तेवढ्यात मागून दगड आला. पोरासाठी फेकलेला, लागला भाऊंच्या कपाळाला. माईक टेबलावर पडून किंचाळला. पुढच्यांनी रक्त पाहिलं. भाऊंच्या मांडवात लग्न झालेली माणसं होती ती, त्यांच्या सतरंज्यांवर जेवलेली. त्यांच्यातलाच एक मागं वळून ओरडला, "अबे कोन मारलं? भाऊले लागलं नं!" पुढचे मागच्यांवर उलटले, ढकलाढकली झाली, आणि तेवढ्या फटीतून पोलीस आत आले. आमचा गोलकीपर एव्हाना उठून बसला होता, डोकं चोळत. त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

मी टेबलाखालून निघाले तेव्हा भाऊ कपाळावर दुपट्टा दाबून खुर्चीत बसले होते. पोरानं बांबू अजून सोडला नव्हता. भाऊंनी त्याला हळूच विचारलं, अगदी मऊ आवाजात, "कोन्या गावचा बावा तू?"

पोरगा एक पाऊल मागं सरकला. भाऊंकडे त्यानं ज्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच डोळ्यांनी तो मघाशी गर्दीकडे बघत होता.

"राहू दे, राहू दे," भाऊ घाईनं म्हणाले. "नको सांगू." पोलीस त्याला बसकडे घेऊन गेले. भाऊ बराच वेळ तिकडे बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "त्याले मायंबी भेव लागलं." आणि तो एवढा मोठा माणूस तोंडावर दुपट्टा घेऊन रडू लागला.

त्यानंतर भाऊ मैदानावर आले नाहीत. भोंगे मागायला गेलेल्या शिपायाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. आता सामन्यांना नागपूरहून डीजे येतो. पोरगा पडला की गाणं आणखी मोठं होतं. पायऱ्यांपुढं उंच जाळी बसवली आहे आणि फाटकावर येणाऱ्याला अडवून नाव विचारतात. मी अजून गोल लिहिते. टेबल मात्र मी फाटकाजवळ ओढून घेतलं आहे, आणि का ओढलं हे मला कोणी विचारत नाही.

यंदा थंडीत भाऊ गेले. दुपारी बसल्या जागी छातीत कळ आली, एवढंच. त्यांच्याच मांडवाखाली त्यांना ठेवलं होतं, त्यांच्याच खुर्च्यांवर गाव बसलं होतं. त्या दिवशी पायऱ्यांवरून उतरलेलीही होती त्यात, मी चेहरे ओळखत होते. काकू, म्हणजे भाऊंची बायको, उशाशी बसून त्यांचा तोच दुपट्टा पुन्हापुन्हा नीट करत होत्या.

उचलायची वेळ झाली तेव्हा मांडवाच्या कडेला एक तरुण येऊन उभा राहिला. पाठीला पिशवी, चपला हातात. आत यावं की नाही ते त्याला कळत नसावं. त्यानं बांबूला हात लावला आणि मी त्याला ओळखलं. मी भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, फाटक शोधावं तसं.

पुढच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवली. पायऱ्यांवर बसून वर्षानुवर्षं उत्तरं देणारा म्हातारा. त्यानं पोराकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोनाचा आहे बावा हा?"

सगळ्या माना वळल्या. पोरानं बांबू घट्ट धरला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हणत होते, नको सांगू रे, पळ.

"भाऊचा," तो म्हणाला.

सगळे तसेच थांबून राहिले, सवयीनं, कान देऊन. पुढचं वाक्य भाऊंचं होतं.