जॉर्जियाला जाण्याआधीचे चार शुक्रवार

पहिल्यांदाच जॉर्जियाला निघालेल्या माणसाला त्या देशाविषयी सर्वांत आधी काय माहीत असायला हवे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येते, असे मी गेल्या ईदच्या सुट्टीपर्यंत समजत होते. मी दोह्यातल्या एका भारतीय शाळेत समाजशास्त्र शिकवते आणि तयारी न करता वर्गात पाऊल टाकणे मला कधी जमलेले नाही. त्यामुळे सहल ठरली त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका लिहिली.

जाणार होतो चौघे: मी, माझे यजमान, नववीतली मुलगी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ इथे एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. बारा वर्षांत त्याने दोह्याच्या अल नस्र वस्तीतली खोली, कामाच्या साइट आणि रजेत कऱ्हाडजवळचे आमचे गाव, एवढेच पाहिले होते. त्याची बायको-मुले गावी असतात. पण इथल्या बोलीत अशा माणसालाही ‘बॅचलर’च म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा कतारचा वैध निवास परवाना असलेल्या भारतीयाला जॉर्जियासाठी वेगळा व्हिसा लागत नव्हता. मात्र प्रवेश द्यायचा की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. भावाच्या खोलीतला एक जण आदल्या वर्षी तिथल्या पासपोर्ट काउंटरवरून तसाच परत आला होता. कारण त्याला कोणी सांगितले नाही. तेव्हापासून त्या खोलीत एक समजूत घट्ट बसली होती: फॅमिलीवाल्यांना सोडतात, बॅचलरला नाही.

“आक्का, मला माघारी धाडलं तर?” पहिल्याच शुक्रवारी आमच्या अल हिलालच्या घरी जेवण झाल्यावर त्याने विचारले. “फोरमनला सांगून बसलोय. पासपोर्टावर कसला शिक्का बसला, तर उद्या कंपनी काय म्हणंल?”

“अभ्यास कर,” मी म्हणाले. “देशाची माहिती असलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही.”

हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही.

अभ्यास सुरू झाला. जॉर्जियाच्या उत्तरेला कॉकेशसच्या रांगा, पश्चिमेला काळा समुद्र. तिथले लोक आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. त्यांची लिपी स्वतंत्र आहे, तिच्यात तेहेतीस अक्षरे आहेत आणि ती शेजारच्या कोणत्याही लिपीसारखी दिसत नाही. चौथ्या शतकात त्यांनी ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. पुढे अरब आले, मंगोल आले, इराणी आले, शेवटी रशियन आले; लिपी आणि धर्म मात्र टिकून राहिले. आजची राजधानी तिबिलिसी; हे नाव गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडले. जुन्या वस्तीत विटांच्या घुमटांखाली आजही गंधकाच्या पाण्याची स्नानगृहे चालतात. चर्चमध्ये बायकांनी डोके झाकायचे, पुरुषांनी अर्धी चड्डी घालून जायचे नाही.

जुनी राजधानी म्त्सखेता. तिच्यासमोरच्या टेकडीवर ज्वारी नावाचा मठ आहे आणि खाली अराग्वी आणि म्तक्वारी या दोन नद्या एकमेकींना मिळतात.

“म्हंजे आपलं कऱ्हाडच की,” भाऊ म्हणाला. “कृष्णा आन् कोयना.”

“तिथे पाण्याचे दोन रंग वेगळे दिसतात.”

“पावसाळ्यात आपल्याकडं पण दिसत्यात. तू बघितलं न्हाईस.”

जेवणाचा पाठ त्याला सर्वाधिक आवडला. खिंकाली हा उकडलेला पदार्थ आकाराने मोदकासारखा; आत मांस आणि रस्सा. वरच्या शेंडीला धरून उलटा करायचा, आधी रस प्यायचा, मग खायचा आणि शेंडी ताटात तशीच ठेवायची.

“शेंडी टाकायची? आई असती तर पाठीत धपाटा घातला असता.”

मेजवानीत एक जण ‘तमादा’ होतो. तो एकेक विषय काढून बोलतो आणि त्यानंतरच सगळे पेला उचलतात, हे ऐकल्यावर यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले, “आपल्याकडे तमादा कोण, हे वेगळं सांगायला नको.”

“दाजी, तुम्ही पेला उचला म्हंजे झालं,” भाऊ म्हणाला.

चौथ्या शुक्रवारी मी तोंडी परीक्षा घेतली. वाइन कुठे मुरवतात? जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात. लिपीत अक्षरे किती? तेहेतीस. तो एकदाही अडला नाही. इंग्रजी वाक्येही मी त्याच्याकडून घोटून घेतली होती. त्याच्या खोलीतले लोक त्याला “काय मास्तर, धडा पाठ झाला का?” असे चिडवत, हे त्याने हसत सांगितले; पण हसताना हातातली वही तो गोल गुंडाळत होता.

निघताना त्याने आपले कागद मागितले. मी म्हणाले, “राहू दे माझ्याकडे. तू हरवशील.” विजेच्या जिवंत पॅनेलवर रोज हात घालणाऱ्या माणसाला मी हे म्हणाले. चौघांची तिकिटे, विमा, हॉटेलचे बुकिंग, त्याच्या कंपनीचे रजेचे पत्र, सगळे मी एकाच निळ्या फाइलमध्ये क्रमाने लावले होते.

विमान दुपारचे होते. भावाची रजा उशिरा मंजूर झाल्याने त्याचे तिकीट वेगळे काढावे लागले होते. चेक-इनच्या रांगेपाशी कर्मचाऱ्याने तिकिटे पाहिली, आम्हा तिघांना डावीकडे पाठवले आणि भावाला उजवीकडच्या शेवटच्या काउंटरवर. माझ्या हातात फाइल होती. त्याच्या हातात पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड, एवढेच.

आमचे काम काही मिनिटांत झाले. मी वळून पाहिले, तर तो अजून तिथेच उभा होता आणि काउंटरवरची मुलगी त्याचे कार्ड उलटसुलट करून पाहत होती.

“भैया, वहाँ रुकोगे कहाँ?” ती विचारत होती; आवाज आमच्यापर्यंत येत होता.

“तिबिलिसी.”

“होटल का नाम?”

त्याने वळून माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिले.

“वापस कब आओगे?”

“छुट्टी खतम होने पर.”

“किसके साथ जा रहे हो?”

“आक्का के साथ.”

“कौन आक्का?”

चार शुक्रवारांत मी त्याला वाइनची आठ हजार वर्षांची परंपरा शिकवली होती. हॉटेलचे नाव सांगितले नव्हते. परतीची तारीखही नाही.

मी धावत पोहोचले, तोवर त्याने पाठ केलेले इंग्रजी सुरू केले होते: जॉर्जियाची जुनी राजधानी म्त्सखेता, ती दोन नद्यांच्या संगमावर वसलेली आहे. काउंटरवरच्या मुलीचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी परीक्षा केंद्रावर कॉपीचा संशय आलेल्या पर्यवेक्षकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

“ये सब किसने रटवाया?” तिने विचारले आणि फोन उचलून वरिष्ठांना बोलावले.

वरिष्ठ अधिकारी सावकाश बोलणारे होते. प्रवाशाला तिथून परत पाठवले तर त्याला आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, म्हणून इथेच पाहावे लागते, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मी फाइल पुढे केली. त्यांनी हॉटेलचे बुकिंग काढले. व्यक्ती चार, नाव फक्त माझ्या यजमानांचे.

“हे तुमच्या कुटुंबातले आहेत, हे कशावरून?”

“माझा सख्खा भाऊ आहे.”

“आडनाव वेगळे आहे.”

“लग्नानंतर बदललं.”

“कागद आहे?”

काउंटर बंद व्हायला वीस मिनिटे उरली होती. मी फाइल पहिल्या पानापासून चाळू लागले. मठाचा नकाशा होता, चर्चच्या वेळा होत्या, तेहेतीस अक्षरांचा तक्ता होता. यजमान फोनमध्ये जुने फोटो शोधत होते. मुलगी हळूच म्हणाली, “आई, फोटो इज नॉट प्रूफ.” भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मुलगी जाऊन त्याच्याजवळ उभी राहिली.

“मामा, रिलॅक्स.”

“तुम्ही जा,” तो म्हणाला. “मी खोलीवर जातो. त्यांना काय, एक धडा आणखी मिळंल हसायला.”

“तू गप्प बस,” मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मला कळले की गेले चार आठवडे मी त्याला हेच सांगत आले आहे.

तो गप्प बसला नाही. त्याने काउंटरवरचा आपला पासपोर्ट घेतला, माझ्या हातातला माझा घेतला, दोन्हींचे शेवटचे पान उघडले आणि अधिकाऱ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवले.

“फादर, मदर,” तो बोट ठेवत म्हणाला. “सेम.”

वडिलांचे नाव, आईचे नाव, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर एकच. खोलीतल्या सगळ्यांचे अर्ज तोच भरून देतो, म्हणून त्याला ते पान ठाऊक होते. मी ते आजवर वाचलेच नव्हते.

अधिकाऱ्यांनी दोन्ही पाने दोनदा वाचली. मग परतीचे तिकीट, विमा, रजेचे पत्र. शेवटी काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, “दे.” बोर्डिंग पास छापून आला. सवयीने मी हात पुढे केला, पण त्याआधीच तो भावाने घेतला.

“आक्का, माझे कागद दे आता.”

मी दिले. विमानात तो इतिहासाचे काही वाचत नव्हता. हॉटेलचे नाव आणि परतीची तारीख त्याने तळहातावर लिहून घेतली होती.

तिबिलिसीत पासपोर्टच्या रांगेत तो माझ्या पुढे गेला. मी पिवळ्या रेषेमागे उभी होते. काय विचारले, ते ऐकू आले नाही. अधिकारीण बोलत होती, तो थोडक्यात उत्तर देत होता, एकेक कागद सरकवत होता. एकदा तिने त्याचे कार्ड उचलून उजेडात धरले आणि शेजारच्या सहकाऱ्याला दाखवले. मग शिक्क्याचा आवाज आला, आणि तो मागे न पाहता पलीकडे गेला.

माझ्या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे: कुठे राहणार, कोणाबरोबर आणि परत कधी, हे सर्वांत आधी, आणि ज्याचे कागद त्याच्याच हातात. लिपी, मठ आणि रांजण त्यानंतर. मात्र हे सारे आमच्या एका प्रवासापुरते आहे. प्रवेशाचे नियम बदलतात आणि माझ्या टिपणांत चुका असू शकतात. म्हणून विनंती आहे, निघण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून घ्या.