चुकीची निशाणी

कॉलेजच्या अंकात मी याआधी कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. शब्द इकडेतिकडे झाले तर समजून घ्यावं. गहिनीनाथ आबांविषयी मी लिहावं का, याचीही मला खात्री नाही.

आबा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावरही बेसबॉलचा सामना असला की गुणांची वही घेऊन येत. कुणाच्या हातून चेंडू सुटला तर ते लगेच लिहीत नसत. उठून उभे राहत, त्या पोराच्या तोंडाकडे नीट बघत, मग बसून चुकीची निशाणी करत. एकदा आमचा कॅप्टन वैतागला, "आबा, लिवा की लवकर, पुढचा बॉल यायलाय."

"येऊ दी. बॉल काय येष्टी हाय, चुकायला?"

तोंड बघून काय कळतं, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी कुठल्याशा जुन्या पेपरात वाचलेली अमेरिकेची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचे अंतिम सामने मुद्दाम हरल्याचा ठपका एका संघाच्या आठ खेळाडूंवर आला. कोर्टातून ते सुटले, पण पुन्हा जन्मभर त्यांना संघात घेतलं नाही. "त्या सामन्यांच्या वहीत बी नुसत्या चुकाच लिवल्या आसत्याल," आबा म्हणाले. "वहीत चुकीला निशानी हाय, लबाडीला न्हाई. म्हून तोंड बघायचं."

चुकणाऱ्यावर मात्र ते कधी रागावले नाहीत. कुणी रडवेला झाला तर म्हणायचे, "आरं, चुकला त्यो खेळला तरी. बाकावर बसलेल्याच्या नावावर एक बी चूक नसती."

मी दुसऱ्या वर्षाला असताना जिल्ह्याची फायनल सावेडीतल्या एका मैदानावर होती. सकाळी समोरच्या संघाचा एक माणूस मला चहाला घेऊन गेला. जिल्ह्याच्या संघाची यादी त्याच्या ओळखीचे लोक करणार होते. "येकच बॉल सोड," तो म्हणाला. "यादीत तुजं नाव बसलंच समज." राज्यात नंबर आला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. मला ती जागा हवी होती. मी चहा प्यायलो आणि मैदानावर परत आलो.

शेवटच्या डावात एक सोपा चेंडू सरपटत माझ्याकडे आला. तो मी पायांतून जाऊ दिला. दोन धावा गेल्या आणि आम्ही हरलो. आबा उभे राहिले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. बराच वेळ बांधत होतो. ते उभेच होते.

सगळे निघाल्यावर ते माझ्याजवळ आले. वहीत तेवढा एक चौकोन रिकामा ठेवला होता.

"बाळा, चूक झाली ना?"

"व्हय, आबा."

"खड्यावरनं उडाला आसंल बॉल."

"व्हय."

"तू म्हनतो तर चूक." त्यांनी निशाणी केली आणि वही मिटली. "जा, जेवून घे. टेम्पो निघंल."

माझं नाव यादीत आलं. राज्यात आमचा तिसरा नंबर आला. कॉलेजच्या सामन्यांना मात्र मी पुन्हा गेलो नाही. यंदा भरतीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायची वेळ आली, तेव्हा हात पुढे होईना. आधी आबांना खरं सांगायचं ठरवलं. दोनदा त्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. शेवटी फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला.

"आबा गेले. महिना झाला."

आता सामन्यांची वही कोण लिहितं, असं काहीतरी मी विचारलं.

"त्यांनी कवाच सोडली हुती ती. सावेडीच्या त्या फायनलपासनं. नजर कमी झाली म्हनायचे."

"डोळे दाखवले नाहीत का?"

"कशाला दाखवत्याल?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत चष्म्याबिगर पेपर वाचायचे."