चांदणीची जागा

वसई पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घरबसल्या ग्रीटिंग कार्डं करते. कागद कापायचे पातळ पोलादी साचे, म्हणजे डाय, माझ्याकडे ढीगभर आहेत. ते मी फाईलमध्ये मॅग्नेटच्या शीटवर चिकटवून ठेवते आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने रेघ ओढते. एखादा जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत खुपते.

दिवाळीच्या तोंडावर चांदणीची जागा अशीच रिकामी दिसली. नाताळच्या कार्डांची ऑर्डर आलेली! मी घर डोक्यावर घेतलं, सोफा सरकवला, नवऱ्याला उगाच झापलं. सासूबाई आपल्या शांतपणे शंकरपाळे तळत होत्या. त्यांच्या झाऱ्यात डोकावले, तर सगळ्या चांदण्याच.

"दरवर्षी त्याच चौकोनांचा कंटाळा आला होता," त्या म्हणाल्या. "आणि तुझा साचा काय सुरेख कापतो गं!"

मी तणतणले, पण बशीभर खाल्लेच. आता चांदणी स्वयंपाकघरात, करंजीच्या कातण्याशेजारी राहते. कार्डासाठी लागली की मीच मागायला जाते, आणि सासूबाई बजावतात, "धुऊन परत दे हं. कागदाचा भुगा लागतो पिठाला."