माईकमामाने पुकारलेली यादी

माईकमामाच्या तोंडून पाचशेचा आहेरही पाच हजारांचा वाटायचा. कल्याणजवळच्या आमच्या गावात हळद कुणाचीही असो, मंडपात आहेर पुकारायचा मान मामाचा. "रामभाऊ, मुक्काम मोहने, रुपये पाचशे एक," असं तो छाती भरून म्हणाला की मंडप टाळ्या वाजवी आणि रामभाऊ खुर्चीतून उठून चारी दिशांना हात जोडत.

घरातही त्याला हळू बोलता येत नसे. "मुक्काम स्वयंपाकघर, चहा एक," असं तो ओटीवरून पुकारायचा आणि पलीकडच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची. मामी म्हणायची, "याचा आवाज बंद कराचा बटन कुठं हाय, त्या कोनी सांगा मना."

शेजारी जनाकाकू राहायची. सगळ्या गावाने जमिनी बिल्डरला दिल्या, हिने आपला वीस गुंठ्यांचा तुकडा सोडला नाही. घोटाभर चिखलात उभी राहून भाजी काढायची आणि कल्याणच्या बाजारात नेऊन विकायची. शेतकऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानासाठी तिने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा 'कागद अपुरे' म्हणून तो परत आला. मामा चिडला. "मंग ह्यो पैसा मिलतो तरी कोनाला?"

"यादी कुणालाही बघता येते मामा, गावाचं नाव टाकायचं फक्त," मी म्हणाले, आणि वागळे इस्टेटमधल्या माझ्या ऑफिसातून ती छापूनच आणली. साहेबांना हे आजतागायत ठाऊक नाही.

यादीत अर्धं गाव होतं. शेती म्हणाल तर बाराव्या मजल्यावरच्या कुंडीतली तुळस. जनाकाकूचं नाव नव्हतं, मामाचं होतं. त्याची जमीनही टॉवरखाली गेली होती आणि जुन्या अर्जावरचे हप्ते मात्र, त्याच्याही ध्यानात नसताना, गुपचूप बँकेत येत होते. "ही यादी मी मांडवात पुकारनार," म्हणत त्याने कागदाची घडी खिशात घातली. मी म्हणाले, "तुझं नाव गाळून वाच." त्यावर तो म्हणाला, "माजा नाव गालला त ती यादी नाय, चुगली झाली."

पुढच्याच हळदीत आहेर संपल्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि त्याच सुरात सुरू केलं. नाव, मुक्काम, रुपये दोन हजार. लोकांना वाटलं, आहेरच चाललाय. ज्याचं नाव येई तो उठून हात जोडी, टाळ्या पडत. नवरदेवाचे वडील तर इतके खूश, की स्वतःचं नाव आल्यावर तेही उठले. मग मामाने हरीभाऊंचं नाव घेतलं. हरीभाऊ वारून तीन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा सवयीने अर्धा उठला आणि तसाच वाकलेला राहिला. बापाने आहेर कुठून पाठवला, हे त्याला कळेना. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळ्या मंडपाला उमगलं. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी मामाने सगळ्यांत खणखणीत आवाजात स्वतःचं नाव पुकारलं, स्वतःच हात जोडले आणि माईक खाली ठेवला. टाळी एकही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आपले हप्ते परत करायला गेला. बोभाटा इतका झाला की गावात फेरतपासणी आली. त्या रेट्यात जनाकाकूचा अर्जही पुढे सरकला आणि तिचं नाव यादीत लागलं. मामाला मात्र त्यानंतर कुणी माईक दिला नाही. आहेर आता डीजेवालाच पुकारतो. मामा हळदीला जाऊन मागच्या रांगेत गप्प बसायचा. ते मला बघवायचं नाही.

मग जनाकाकूच्या मुलीचं लग्न निघालं. भावकीने निरोप धाडला, "तो माईकवर असला त आमी येनार नाय." काकूने उलट निरोप पाठवला, "नका येव." आणि मामाच्या हातात माईक दिला.

ती मामाची शेवटची हळद. त्या पावसाळ्यात तो गेला. त्या हळदीला मंडप अर्धा रिकामा होता, आहेर मोजकेच आले. मामाने एकेक नाव दोनदा पुकारलं.