मोहाखालची झाडलेली जमीन

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी आम्ही टेकडीवर मोहफुले वेचायला गेलो. अकराच्या सुमारास टेकडीला आग लागली. नवव्या दिवशी मावशी गेली.

ती माझी घरमालकीण. दरेकशाजवळच्या गावात मी शाळेत शिकवायला आले, तेव्हापासून तिच्या घराच्या मागच्या खोलीत राहते. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मॅडम. घराबाहेर पडताना ती चुलीतली चिमूटभर राख घेऊन उंबऱ्याशी उभी राहायची, बोटे सैल करायची आणि राख कुठे जाते ते पाहायची. मग पाऊल टाकायची. मला तो देवधर्माचा प्रकार वाटला. एकदा विचारले, "मावशी, हे कोणत्या देवासाठी?"

"देवासाठी कायले? पायासाठी. पयले वारा पाहावा, मंग वाट."

माघातली कचारगडची जत्रा सरली की मोहाचे दिवस येतात. फुले पहाटे पडतात आणि पाचोळ्यात हरवतात, म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. पेटवणारा घरी जातो, आग जात नाही. तिने कधी पेटवले नाही. आपल्या तीन झाडांखालची जमीन ती खराट्याने झाडायची, दर चार दिवसांनी, थेट अंगणासारखी. तिथे ती अनवाणी वावरायची. फूल पडते त्या जागी चप्पल तिला खपत नसे.

शेजारच्या दोन जावांची झाडे जवळच होती. त्यातली धाकटी तोंडाने फटकळ.

"काय वं बुढे, जंगल झाडून राहिली? पाहुने येऊन राहिले का तुये?"

"येतील ना. तूच येशील एखाद दिवशी. चप्पल काढून येजो."

त्या रविवारी आधी आवाज आला, वाळकी पाने तुडवत कोणी यावे तसा. मग खालून धूर दिसला. मावशीने मूठभर माती हवेत सोडली आणि जावांकडे वळून ओरडली, "टोपले फेका! इकडे या माह्या झाडाखाली!" दोघी धावत आल्या. धाकटीने त्या घाईतही कडेला चपला काढल्या. हसावे की रडावे अशी ती वेळ होती.

मी शिकलेली. मी फोन काढला. टेकडीवर फक्त वरच्या मोठ्या खडकाशी रेंज येते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. खडकापर्यंत जायचे, फोन करायचा, मदत येईल, असा सरळ विचार करून मी चढाने पळत सुटले.

तुम्ही डोंगरातली आग पाहिली असेल, तर माझी चूक तुमच्या लगेच ध्यानात आली असेल. आग माणसापेक्षा वेगाने चढ चढते. ज्वलनाचा धडा मी वर्गात तीनदा शिकवला होता. त्यात हे नव्हते.

अर्ध्या वाटेत माझे मनगट कोणीतरी पकडले.

"कोठी जाता?"

"फोन करते मावशी, मदत..."

"मदत येईल! आपन असलो तं येईल ना!"

तिने मला ओढत खाली आणले. शेवटच्या वीस-पंचवीस पावलांवर आग आडवी आली होती; आम्ही त्यातूनच धावलो. माझ्या पायांत बूट होते. ती मला आणायला झाडलेल्या जागेतून तशीच उठून आली होती.

तिने सोबत आणलेल्या डब्यातले प्यायचे पाणी आमच्या पदरांवर ओतले, ओले पदर तोंडावर धरायला लावले आणि आम्हाला जमिनीला नाक लावून पालथे झोपवले. "डोरे झाका. उठू नोका." आग जागेच्या कडेपर्यंत आली. तिथे तिला खायला काही मिळाले नाही. ती दोन बाजूंना फुटली आणि वर निघून गेली. तेवढा वेळ मावशी मात्र उभी होती, आत उडून येणारे निखारे खराट्याने बाहेर लोटत. मला तिचा खोकला ऐकू येत होता.

धूर ओसरल्यावर थोरली जाऊ रोजच्या गवताळ पायवाटेकडे निघाली. मावशीने तिला थांबवले. "गवतातून नाई. काळ्यातून चाला. जयलं ते पुन्हा जयत नाई."

तेव्हा आम्ही तिचे पाय पाहिले. दोघी जावांनी हातांची पालखी केली आणि तिला उचलले. जळालेल्या उतारावरून आम्ही खालच्या रेल्वे स्टेशनकडे निघालो.

"लगनातबी मले कोनी असं नेलं नाई," ती म्हणाली.

"गप वं बुढे," धाकटी म्हणाली. ती रडत होती.

स्टेशनमास्तरांनी फोन केले. जंगलखात्याची माणसे पाला उडवायची यंत्रे घेऊन टेकडीकडे गेली, आणि अ‍ॅम्ब्युलन्स आली. मदत आली, तेव्हा आम्ही चौघी होतो.

गोंदियाच्या दवाखान्यात नर्स तिला म्हणायची, "माताजी, ज्यादा बात मत करो." ही उत्तर द्यायची, "मंग तूच कायले विचारतेस, कैसी हो, कैसी हो?" पायांच्या जखमा भरू लागल्या होत्या. छातीत गेलेला धूर निघत नव्हता.

सहाव्या दिवशी मी धीर केला. "मावशी, मी पळाले नसते तर..."



"तुमी नवीन आहा. नवीन मानूस धावतेच. मीबी धावली होती, लगन होऊन आली त्या साली. मलेबी आनलं कोनीतरी."

कोणी, ते मी विचारले. तिला खोकला आला आणि ते तिथेच राहिले.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी सामान बांधायला घेतले. नागपूरला कामाला असलेला तिचा मुलगा दारात आला. सगळे काही त्याच्या कानावर गेले होते. त्याच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत होईना.

"काऊन बांधून राहिल्या?" तो म्हणाला. "राहा मॅडम. घरात मानूस नसला तं घर पडते."

त्याने पुढच्या खोल्यांना कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

यंदा मोह फुलला. तिच्या तीन झाडांखाली कोणी गेले नाही. फुले अस्वलांनी खाल्ली. त्या घरात आता मी एकटी राहते.